आजीचा बिब्बा

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या जरा खाली, एक पांढुरका चट्टा आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल. फळ्यावर लिहिताना तो पहिल्या बाकावरच्या मुलींना बरोबर दिसतो आणि दरवर्षी त्यांतली एखादी विचारतेच, "मॅडम, भाजलं का?" मी दरवर्षी "हो" म्हणते. खरे सांगायचे तर ते भाजणे नव्हे आणि कापणेही नव्हे. तो आमच्या आजीचा बिब्बा आहे.

माझे आजोळ धसईचे. मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले हे भातशेतीचे गाव २०१६ च्या डिसेंबरात एकदम वर्तमानपत्रांत झळकले होते. नोटाबंदीच्या त्या दिवसांत राज्यातले पहिले 'रोकडरहित गाव' म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि वडापावच्या गाडीवरही कार्ड घासण्याचे यंत्र आले म्हणून लोक ते पाहायला आले. मी सांगते आहे ती गोष्ट मात्र त्याच्या फार आधीची, माझ्या दहाव्या वर्षाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ धसईला गेलो, तेव्हा माझ्या बोटावर तीन चामखिळी होत्या आणि त्याच्या गुडघ्यावर चार-पाच. आजीने पहिल्याच दिवशी त्या हेरल्या.

बिब्बा लावणे हा आजीच्या दृष्टीने एक विधीच होता. तिने डब्यातून काळाभोर, चकचकीत बिब्बा काढला, तो दाभणाला टोचला आणि दिव्याच्या ज्योतीवर धरला. त्यातून काळपट तेल पाझरू लागले, तशी तिने माझे बोट घट्ट धरले, चामखिळीभोवती चुन्याचे कडे केले आणि वरून ते तेल टेकवले. माझी किंकाळी ऐकून भाऊ मागच्या दाराने जो पळाला, तो थेट परसातल्या आंब्यावर चढला. तिन्हीसांज झाली तरी खाली उतरेना. शेवटी आजोबा म्हणाले, "राहू दे गं त्याला. चामखीळ आहे, काही वाघ नाही." त्या एका वाक्याने तो सुटला.

मी काही सुटले नाही. दुसऱ्या दिवशी बोट काकडीसारखे सुजले, फोड मनगटापर्यंत चढले आणि झोपेत हात कुठे लागला कोण जाणे, गालावरही लालभडक पट्टा उठला. दोन दिवस ताप होता. आजी बिचारी रात्रभर उशाशी बसून खोबरेल चोळत होती. तीन आठवड्यांनी खपली पडली आणि तिच्याबरोबर चामखिळीही गेल्या. "आला की नाही गुण?" असे आजीने साऱ्या आळीला सांगितले. शाळा सुरू झाल्यावर महिनाभर मला पेन धरता येत नव्हते, ती गोष्ट कोणी मोजली नाही.

आणि आणखी एक गोष्ट कोणी मोजली नाही. त्याच वर्षी दिवाळीला नरकचतुर्दशीच्या पहाटे आई भावाला उटणे लावत होती. त्याचा गुडघा चोळता चोळता ती थबकली. "अरे, तुझ्या चामखिळी कुठे गेल्या?" भावाने गुडघ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काय माहीत!" झाले. विषय तेथेच संपला. घरात पुढची तीस वर्षे बिब्ब्याचा गुण सांगितला गेला. भावाच्या गुडघ्याचे नाव कोणी काढले नाही, मीसुद्धा नाही.

तो गुडघा मला आठवला तो परवा-परवा, माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या दोन बोटांवर आणि एका तळपायावर चामखिळी निघाल्या तेव्हा. नखे कुरतडण्याची त्याला सवय आहे; त्या सवयीने या चामखिळी एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जातात, हे मला मागाहून कळले. तूर्त प्रश्न एवढाच होता की करायचे काय. मामांचा धसईहून फोन आला, "घेऊन ये इकडे, दोन दिवसांत काढतो." घरात यांचे म्हणणे, सरळ डॉक्टर गाठावा. आणि मी पडले भाषेची शिक्षिका. मी आधी शब्दकोश उघडला!

चामखीळ हा शब्द मोठा बोलका आहे. संस्कृतातला 'चर्मकील', म्हणजे कातडीत ठोकलेला खिळा. ज्याच्या तळपायाला चामखीळ झाली आहे, त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण हा खिळा ठोकतो कोण, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. चुफो नावाच्या एका इटालियन डॉक्टराने १९०७ साली चामखीळ कुटून तिचा अर्क, जंतूही पार होणार नाहीत अशा बारीक गाळणीतून गाळला आणि तो गाळ स्वतःच्याच हाताला टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखिळी उगवल्या. म्हणजे जंतूहूनही सूक्ष्म असे काहीतरी त्यात होते. त्यालाच आज आपण विषाणू म्हणतो. या विषाणूचे घराणे मोठे आहे. आजवर त्याचे दोनशेहून अधिक प्रकार सापडले आहेत. हातापायांवरच्या चामखिळींना जबाबदार असणारे त्यांतले थोडे, आणि ते निरुपद्रवी. त्याच घराण्यातल्या काही वेगळ्या मंडळींपासून स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरची लस आता आपल्या पुण्यातही तयार होते आणि घरात मुली असणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी. मात्र बोटावरची चामखीळ घालवण्यासाठी ती लस नाही.

चामखिळीचा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात दडून बसतो. रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. मग एखाद्या दिवशी तो लागतो आणि चार-सहा आठवड्यांत चामखिळी आपोआप वाळून जातात. हा दिवस कधी उगवेल, हे कोणालाच सांगता येत नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुलांच्या चामखिळी दोन वर्षे नुसत्या पाहत राहिले, तर दोन-तृतीयांश आपोआप गेल्या. आता विचार करा, जो रोग दोन-तृतीयांश वेळा आपण होऊन जातो, त्याला औषधांचा तुटवडा कसा पडेल? ज्याने जे लावले, त्याचा त्याला गुण आला!

आणि काय काय लावत नाहीत! एकट्या धसईत मला मिळालेली यादी अशी: बिब्बा, रुईचा चीक, शेराचा चीक, ओल्या काजूच्या टरफलाचे तेल, चुना आणि पापडखार, लसणाची पाकळी, एरंडेल, कच्च्या पपईचा चीक, अंजिराचा चीक. शिवाय घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे आहेच; तेवढ्यासाठी मामा एकदा लग्नाच्या वरातीमागे अर्धा मैल चालत गेले होते. यातले काही जण हसतील म्हणून स्वित्झर्लंडची गोष्ट सांगते. झुरिकच्या ब्रूनो ब्लोख या नामांकित त्वचारोगतज्ज्ञाने १९२७ साली एक यंत्र बनवले. मोठा आवाज करणारी मोटार, आणि आत काही नाही. रोग्याने त्यात हात घालायचा, यंत्र घरघरायचे, मग चामखिळींवर साधा रंग लावून डॉक्टरांनी बजावायचे की त्या जाईपर्यंत हा रंग धुवायचा नाही. अर्ध्याअधिक रोग्यांच्या चामखिळी गेल्या! तेव्हा आपल्या घोड्याच्या केसाने फार शरमून जायचे कारण नाही.

खरे औषध कोणते हे ठरवायचे तर मग एकच मार्ग उरतो. सारख्या रोग्यांचे गट करायचे, एकाला हे, दुसऱ्याला ते आणि तिसऱ्याला काहीच द्यायचे नाही. म्हणजे काही जणांना आंब्यावर चढू द्यायचे. नेदरलँड्समध्ये हे झाले आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. २५० रोगी, तेरा आठवडे. एका गटाच्या चामखिळी द्रवरूप नायट्रोजनने गोठवल्या, दुसऱ्याला सॅलिसिलिक आम्लाचे मलम दिले, तिसऱ्याला नुसते थांबायला सांगितले. हातावरच्या साध्या चामखिळींत गोठवण्याने शंभरात ४९ बरे झाले, मलमाने १५, आणि काही न करता ८. म्हणजे हाताला गोठवणे उत्तम. पण तळपायाचे आकडे पाहा: अनुक्रमे ३०, ३३ आणि २३. एवढ्या फरकाला शास्त्रज्ञ फरकच मानत नाहीत. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये २४० जणांच्या तळपायांवर हीच दोन औषधे एकमेकांसमोर उभी केली, तेव्हा बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरात फक्त १४ बरे झालेले निघाले. तळपायाच्या खिळ्यापुढे डॉक्टरही फारसे शहाणे नाहीत, हे वाचून मला, खोटे कशाला बोलू, थोडे बरेच वाटले.

मग झाडपाल्याचे काय? त्याच्या अशा कसोट्या फार थोड्या झाल्या आहेत. इराणातली २००७ सालची एक मला मोलाची वाटते. पंचवीस रोग्यांच्या एका बाजूच्या चामखिळींना अंजिराचा चीक लावला आणि दुसऱ्या बाजूच्या गोठवल्या. चिकाने शंभरात ४४ आणि गोठवण्याने ५६ अशा चामखिळी साफ गेल्या. चीक अगदी मागे पडला नाही. मात्र रोगी अवघे पंचवीस, आणि ज्याला काहीच लावले नाही अशी तिसरी बाजू त्यात नव्हती. अमेरिकेत २००२ साली साध्या चिकटपट्टीने गोठवण्यावर मात केल्याची बातमी आली, तीन-चार वर्षे लोकांनी घराघरांत पट्ट्या चिकटवल्या, आणि पुढच्या दोन चाचण्यांत त्या पट्टीचा काही विशेष प्रभाव दिसला नाही. तेव्हा अंजिराला मी आशीर्वाद देते, प्रमाणपत्र नाही.

येथवर आल्यावर मला एक शंका येऊ लागली. 'झाडपाला' आणि 'डॉक्टरी औषध' अशा दोन पंगती आपण मांडतो, त्या खरोखर वेगळ्या आहेत का? सॅलिसिलिक आम्ल हे नाव ज्या 'सॅलिक्स'वरून आले, तो युरोपातला विलो वृक्ष. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज त्याच कुळातला. विलोच्या सालीतल्या द्रव्यापासून पिरिया या इटालियन रसायनज्ञाने १८३८ साली ते आम्ल तयार केले आणि पुढे कोल्बे या जर्मनाने ते कारखान्यात करता येईल अशी रीत काढली. शरीराच्या नाजूक भागांवरच्या चामखिळींसाठी डॉक्टर जे पॉडोफायलिन वापरत आले, ते हिमालयातही वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळातले. ग्रीन टी म्हणजे हिरव्या चहाच्या अर्काचे मलम अमेरिकेने २००६ साली अशाच चामखिळींसाठी मंजूर केले.

उलट आपल्या जुन्या वैद्यकात मोजमाप नव्हते असे समजणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचे सूत्रस्थान उघडावे. क्षार कसा करावा आणि लावावा यावर एक संपूर्ण अध्याय आहे आणि लगेच पुढचा डागण्यावर. आघाड्यासारख्या वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून काढलेला क्षार मृदू, मध्यम की तीव्र, कोणाला लावू नये, आंबट पदार्थाने तो शांत कसा करावा, सारे सांगितले आहे. घड्याळ नव्हते, म्हणून क्षार लावल्यावर शंभर मात्रा उच्चारायला लागतील एवढाच वेळ थांबावे, असा नियम आहे. छंद शिकवणारी मी, मला या शंभर मात्रांचे फार अप्रूप वाटले. आमच्या आजीने मात्र शंभरच काय, दहाही मोजल्या नव्हत्या. बिब्बा टेकवला तो टेकवला.

बिब्ब्याबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. त्याच्या तेलात जी द्रव्ये आहेत ती ओल्या काजूच्या टरफलातल्या तेलाची आणि अमेरिकेतल्या 'पॉयझन आयव्ही' वेलीच्या विषाची जवळची भावंडे. ती कातडी जाळतातच, शिवाय ज्याला त्यांचे वावडे असेल त्याला लांबलांब फोड येतात. आमच्या बिब्ब्याची शाई करून धोबी कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या माना आणि कंबरा त्या खुणांनी अशा उठल्या की तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहावा लागला. आयुर्वेदातही बिब्बा शुद्ध केल्यावाचून वापरत नाहीत. त्याच बिब्ब्यातली गोडंबी आपण हिवाळ्यात लाडवात घालून खातो, ही आणखी एक मौज. रुईचा चीकही तसाच: बोटाला लावून तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळावर सूज येऊन दिसेनासे होते. हे आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी पुनःपुन्हा पाहिले आहे.

एवढी तयारी करून मी मुलाला घेऊन धसईला गेले. मनात असे की मामांना सारे समजावून सांगायचे आणि परतताना कल्याणला डॉक्टरांना दाखवायचे. मामा ओटीवर बसले होते. पायाला फडके गुंडाळलेले. मी विचारले, "मामा, पायाला काय झालं?"

"काही नाही गं. भोवरी आहे. बिब्बा लावतोय दोन महिने. निघेल."

आतून मामी आल्या. "यांना तूच सांग बाई. साखर आहे अंगात, आणि हे बिब्बे लावतात."

मी फडके सोडले. अंगठ्याच्या मुळाशी तळपायाला रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, आत ओली. माझ्या पोटात कालवले. मामा मात्र हसत होते. "दिसतं तेवढं काही नाही. मला तर दुखतसुद्धा नाही बघ!" हे ते अगदी अभिमानाने म्हणाले. दहाव्या वर्षी मी ज्या बिब्ब्याने किंकाळी फोडली होती, तो दोन महिने लावूनही या माणसाला दुखत नव्हते. मधुमेहात पायाची संवेदना जाते हे मी वाचले होते. जाते म्हणजे काय होते, ते त्या ओटीवर कळले.

चामखिळीसाठी मुलाला न्यायचे होते, त्या गाडीतून आधी मामांना नेले. डॉक्टरांनी एका बारीक तारेने त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श केला. "कळतंय का?" मामा डोळे मिटून प्रत्येक वेळी म्हणत, "कधी लावताय?" हाडापर्यंत जखम गेली आहे का, हे पाहायला क्ष-किरण चित्र काढले. गेली नव्हती. थोडक्यात निभावले, पण साडेतीन महिने त्या पायावर भार टाकायचा नाही, दिवसाआड मलमपट्टी आणि साखर काटेकोर आटोक्यात, असा हुकूम झाला. भाताच्या लावणीच्या दिवसांत बांधावर खुर्ची टाकून बसायचे, ही मामांना केवढी शिक्षा होती ते शेतकऱ्यालाच समजेल.

निघताना मामांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. तो मला आजन्म पुरेल. "डॉक्टरसाहेब, बिब्ब्याऐवजी ती दुकानातली भोवरीची पट्टी लावली असती, तुमची इंग्रजी, तर चाललं असतं?"

"तीही नाही," डॉक्टर म्हणाले. "तिच्यातही सॅलिसिलिक आम्लच असतं, चांगलं जहाल. तुमच्या पायाला आम्ही विचार केल्याशिवाय गोठवणारही नाही. आणि मुळात ही चामखीळ नव्हतीच, आजोबा. भोवरी होती. नुसती जाड झालेली कातडी."

मुलाच्या वेळी डॉक्टर म्हणाले की मूल धडधाकट आहे, घाई नसेल तर थांबलात तरी चालेल; चेहऱ्यावर असती, किंवा वयस्क माणसाला एकाएकी उगवून वाढली, रंग बदलला, रक्त आले असे असते, तर थांबा म्हटले नसते. पण मुलाला शाळेत मुले हात धरू देत नव्हती. बोटे गोठवायची ठरली. उणे १९६ अंशांचा तो नायट्रोजन वाफाळत बाटलीतून निघतो तेव्हा पाहायला मोठा सुंदर. पहिल्या खेपेला चिरंजीव शूरासारखे बसले, दुसऱ्या खेपेला दारातूनच रडू लागले. फोड त्यालाही आले, पण मनगटापर्यंत चढले नाहीत. चार खेपा, दर खेपेला तीन आठवड्यांचे अंतर, आणि बोटे स्वच्छ झाली. तळपायाला रोज रात्री मलम लावायचे होते. सहा आठवडे नेमाने लावले, मग सहामाही परीक्षा आली आणि आम्ही सारेच विसरलो.

गेल्या दिवाळीला धसईला गेलो. मामांचा पाय भरून आला होता. नव्या मऊ चपला दाखवत ते अंगणभर फिरले. मग मुलाला म्हणाले, "तुझा पाय बघू." त्याने पाय वर केला. तळवा कोरा होता. मीही पाहतच राहिले.

"कशानं गेली रे?" मामांनी विचारले.

"काय माहीत!" तो म्हणाला आणि फटाके आणायला पळाला.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. जरा चाचरत म्हणाल्या, "मी देवीला नारळ बोलले होते. पोराच्या पायाचा आणि यांच्याही." मी काही बोलले नाही. पिशवी घेतली आणि नारळ आणायला दुकानात गेले. दुकानदाराने पैसे मोबाइलवर घेतले. त्याच्या गल्ल्याशेजारी, गोळ्या-बिस्किटांच्या रांगेत, काचेच्या बरणीत बिब्बे भरून ठेवले होते.